बालवर्गातला सेलिब्रेशनचा दिवस मुलांच्या हाताने कसा करायचा

शाळेत कुठलाही दिवस साजरा करायचा ठरला की बहुतेक ठिकाणी काय होतं, तर आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर शिक्षक मंडळी थांबतात, पताका कापतात, फळ्यावर रंगीत खडूने मस्त चित्र काढतात, आणि दुसऱ्या दिवशी मुलं येतात, रांगेत बसतात, एक भाषण ऐकतात (चार वर्षांच्या मुलांना भाषण!), हाताची घडी तोंडावर बोट, फोटो, खाऊ, घरी. म्हणजे मजा सगळी मोठ्यांनी करून घेतली आणि मुलांच्या वाट्याला नुसतं बसणं आलं. मी बालवर्गाला शिकवते आणि माझं म्हणणं एवढंच आहे की जी तयारी आपण मुलं घरी गेल्यावर करतो ना तीच खरी अ‍ॅक्टिव्हिटी आहे, ती त्यांना करू द्या. पताका वाकड्या होतील. होऊ देत.

हे काही नवीन खूळ नाहीये. फ्रेडरिक फ्रोबेलने 1837 मध्ये जर्मनीतल्या बाद ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि 1840 मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं, तिथे कागदाच्या घड्या घालणं, कागदी पट्ट्या विणणं, मातीकाम हे रोजचंच होतं. मारिया मॉन्टेसरीने 6 जानेवारी 1907 ला रोममध्ये पहिलं बालगृह (म्हणजे लहान मुलांची शाळाच) उघडलं तिथे तर मुलं टेबल पुसणं, पाणी ओतणं, बटणं लावणं ही खरीखुरी कामं करायची. आपण मात्र 'लहान आहेत, सांडतील' म्हणून हातातून काढून घेतो.

खाली जे लिहिलंय ते साधारण 3 ते 7 वयोगटासाठी आहे.

दिवस कमी निवडा

कॅलेंडर उघडलं तर रोजच काहीतरी दिवस असतो. सगळे करायला गेलात तर एकही धड होत नाही. एका टर्ममध्ये दोन मोठे पुरे, फार तर तीन. निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा, त्या दिवशी मुलांच्या हातात काय असेल? उत्तर 'घोषणेची पाटी' असेल तर तो दिवस सोडून द्या. ज्या दिवसांना आपसूक हातकाम चिकटलेलं असतं ते घ्या, म्हणजे 22 मार्च जल दिन (पाणी!), 22 एप्रिल वसुंधरा दिन, 5 डिसेंबर मृदा दिन म्हणजे थेट चिखल, 2 एप्रिल बालपुस्तक दिन जो परीकथाकार हान्स अँडरसनचा वाढदिवस, त्या दिवशी चार पानांचं स्वतःचं पुस्तक करता येतं. 11 जून हा तर आता चक्क आंतरराष्ट्रीय खेळ दिन आहे, संयुक्त राष्ट्रांनी 2024 पासून सुरू केलाय.

आणि कोणी विचारलंच की भाषण का नाही ठेवलं, तर 20 नोव्हेंबर 1989 चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आहे त्यातलं 31 वं कलम दाखवा, खेळ आणि कला हा मुलांचा हक्क म्हणून तिथे लिहिलेलाच आहे. भाषणाचा हक्क मोठ्यांना आहे असं काही मला त्यात सापडलं नाही.

तारखेला अडकायची पण गरज नाही. पाऊस पडला म्हणून, वर्गातलं रोप फुललं म्हणून, सगळ्यांना एकदाची बुटाची नाडी बांधता आली म्हणून साजरं करा. शाळेचा शंभरावा दिवस हा तर फार मस्त असतो कारण त्यात मोजणं आहे, शंभर ठसे, शंभर टाके, शंभर मणी, आणि तो दिवस येईपर्यंत रोज एक कागदी कडी साखळीत अडकवायची म्हणजे सजावट आपोआप तयार होत जाते.

उलटं मोजत या

दिवस ठरला की तिथून मागे यायचं. साधारण दहा दिवस आधी पालकांना चिठ्ठी गेली पाहिजे, त्यात चारच गोष्टी, जुने कपडे घाला, अ‍ॅलर्जी काय आहे ते कळवा, घरातली ही ही टाकाऊ वस्तू पाठवा, आणि फोटो काढलेले व पुढे पाठवलेले चालतील का ते लिहून द्या. अ‍ॅलर्जीचा विषय आला की सगळे फक्त खाऊचा विचार करतात पण खेळायच्या कणकेत गहू असतो हे विसरतात, गव्हाची अ‍ॅलर्जी असलेलं मूल वर्गात असेल तर सगळ्यांचीच कणीक तांदळाच्या पिठाची करा, त्या एकट्याला वेगळं ताट नको.

बी रुजवायचं असेल तर ते पण याच सुमाराला सुरू करायचं. घेवड्याचं नाहीतर राजम्याचं मोठं बी, ओला कापूस, पारदर्शक पिशवी, आणि ती पिशवी खिडकीच्या काचेला चिकटवायची. आठवडाभरात मूळ दिसायला लागतं. मातीत पेरलं तर रुजेपर्यंत मुलांना काहीच दिसत नाही आणि ती दर दोन तासांनी उकरून बघतात (बरोबरच आहे त्यांचं). फक्त राजमा कच्चा खाल्ला तर पोटाला फार त्रास होतो म्हणून 'हे बी खायचं नाही' हे आधी सांगा आणि वाटून दिलेल्या बिया मोजून परत घ्या. एक नाव नसलेली जादा पिशवी पण लावून ठेवा, कोणाचं ना कोणाचं बी कुजतंच.

तीन-चार दिवस आधीपासून रोज अर्धा तास सजावटीचं काम. आज पताका, उद्या साखळी, परवा ठसे. आदल्या दिवशी नवीन काहीही सुरू करू नका, त्या दिवशी फक्त सामान ट्रेमध्ये लावायचं.

चार टेबलं

सगळ्या वर्गाला एकाच वेळी एकच काम दिलं की काय होतं ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे, एका गोंदाच्या बाटलीसाठी दहा हात, आणि आपण नुसते 'थांब थांब' करत फिरतोय. त्यापेक्षा चार टेबलं मांडा. अठ्ठावीस मुलं असतील तर एका टेबलाला सात, आणि प्रत्येक टेबलाला 12 ते 15 मिनिटं. तीन वर्षांच्या मुलांना 8-10 मिनिटं पण पुरतात.

चारातलं एकच टेबल राडा करणारं ठेवा, रंग किंवा माती किंवा पाणी, आणि मोठं माणूस कायम तिथेच उभं राहील. दुसरं कापाकापी-चिकटकामाचं, तिथे पण एक मोठं माणूस लागतं. उरलेली दोन अशी पाहिजेत की मुलं आपली आपण करू शकतील, म्हणजे कणीक, ओवणं, ठोकळे, पट्ट्या विणणं. माणसं कमी असतील तर चारऐवजी तीन टेबलं करा, पण दोन राड्याची टेबलं एकदम कधीही नको.

टेबल बदलायला शिट्टी वाजवू नका. एक ठरलेलं गाणं, ते सुरू झालं की हातातलं ठेवायचं आणि पुढच्या टेबलाकडे जायचं, याची सराव फेरी आदल्या दोन-तीन दिवसांत नुसती, सामानाशिवाय करून घ्या. एखाद्याचं काम अर्धं राहिलं असेल तर त्यासाठी 'अपुरी कामं' असं एक खोकं ठेवा, नंतर पूर्ण करता येतं हे कळलं की निम्मी रडारड तिथेच थांबते.

आणि नमुना दाखवू नका. हा माझा हट्टच आहे. शिक्षकाने केलेलं सुंदर फुलपाखरू टेबलावर ठेवलं की अठ्ठावीस फुलपाखरं त्याची वाईट नक्कल होतात आणि मुलं म्हणतात, मला येत नाही, तुम्ही करून द्या. सामान दाखवा, एखादी युक्ती दाखवा (ब्रश असा निथळायचा, कागद असा धरायचा), काय बनवायचं ते त्यांच्यावर सोडा.

कामं कोणती द्यायची

कणीक. न शिजवता करायची असेल तर दोन कप मैदा, एक कप मीठ, एक-दोन चमचे तेल आणि पाणी थोडं थोडं घालत पाऊण ते एक कप. मळायचं काम मुलांनाच द्या, मोजायचं पण. हवाबंद डब्यात ठेवली तर बरेच दिवस टिकते. वाळवून ठेवायच्या वस्तू करायच्या असतील तर तेल न घालता दोन भाग मैदा, एक भाग मीठ, एक भाग पाणी. मीठ प्रचंड असतं त्यामुळे चाखून बघणारं मूल सहसा एकदाच चाखतं, तरी गोळे खाणाऱ्यावर लक्ष पाहिजेच, जास्त मीठ पोटात गेलं तर खरोखर धोका असतो.

कात्री. इथे जरा थांबते कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पातळ कागद सोपा वाटतो पण तो दुमडतो, त्यापेक्षा जुन्या आमंत्रणपत्रिकेसारखा जाड कागद कापायला सोपा जातो. पहिल्यांदा बोटभर रुंदीच्या पट्ट्या द्या ज्या एकाच 'कच' मध्ये तुटतात, त्या तुकड्यांचंच पुढे चिकटचित्र होतं. मग सरळ रेघ, मग वळण, गोल सगळ्यात शेवटी. अंगठा वर, कागद दुसऱ्या हाताने फिरवायचा, कात्री फिरवायची नाही. टोक बोथट पाहिजे पण धार पाहिजे, बिनधारेच्या कात्रीने मूल जोर लावतं आणि वैतागतं. साधारण दहा माणसांमागे एक डावखुरा असतो म्हणजे अठ्ठावीसच्या वर्गात दोन-तीन तरी निघतील, त्यांच्यासाठी डावखुरी कात्री आणून ठेवा, उजव्या कात्रीने डाव्या हाताला रेघच दिसत नाही आणि आपण म्हणतो याला कापता येत नाही. ज्यांना कात्री अजून झेपत नाही त्यांनी कागद फाडायचा, फाडणं हे पण बोटांसाठी झकास काम आहे आणि फाडलेल्या कडा दिसतात पण छान.

गोंद बाटलीतून नाही, बुटक्या झाकणात थोडासा, सोबत ब्रश किंवा कापसाची काडी.

रंगांचं म्हणाल तर एका वेळी दोनच द्या. लाल-पिवळा दिला तर नारिंगी निघतो, निळा-पिवळा दिला तर हिरवा, आणि तो आपल्या हाताने निघाला याचा आनंद बघण्यासारखा असतो. सात रंग एकदम दिले की पाच मिनिटांत सगळ्यांचा एकच तपकिरी होतो. रंगात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब टाकला तर कपड्यावरून निघायला सोपं जातं.

काळ्या स्केचपेनची गंमत हे माझं सगळ्यात लाडकं काम. टिश्यू पेपरच्या पट्टीवर खालच्या टोकापासून दोन बोटं वर एक जाड काळा ठिपका, पट्टीचं टोक पाण्यात बुडवायचं पण ठिपका पाण्याच्या वर राहिला पाहिजे, पाणी वर चढतं आणि काळ्यातून निळा, जांभळा, गुलाबी असे रंग सुटे होत जातात. पेन पाण्यात विरघळणारं हवं, पर्मनंट मार्करने काही होत नाही. वाळल्या की याच पट्ट्यांच्या झालरी होतात, म्हणजे प्रयोग पण झाला आणि सजावट पण.

टोपी किंवा मुकुट. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 50 सेंटीमीटर असतो, त्यामुळे 60 सेंटीमीटरची पट्टी कापा, सजवून झाल्यावर डोक्यावर माप घेऊन चिकटवा. स्टेपल केलंत तर पिनेची टोकं बाहेरच्या बाजूला, आणि त्यावर चिकटपट्टी. मुखवट्यापेक्षा टोपी कधीही बरी, मुखवट्यात दिसत नाही, घाम येतो, आणि निम्मी मुलं तो लगेच काढतात.

खुळखुळा पण करून बघा. छोट्या बाटलीत मूठभर धान्य, झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळायची, हे गुंडाळणं मोठ्या माणसाने करायचं. मग सगळे मिळून वाजवत मैदानाला एक फेरी. झाली मिरवणूक, वेगळा बँड लागत नाही.

हे वर्गात आणू नका

फुगे. मला माहीत आहे फुग्यांशिवाय बऱ्याच जणांना सेलिब्रेशन वाटतच नाही, पण फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा घशात अडकला तर तो श्वासनलिकेवर घट्ट बसतो, काढणं फार अवघड जातं. या वयात कागदी कंदील, कागदी पंखे काय कमी दिसतात?

बॅटरीवर लुकलुकणारे छोटे दिवे सुरक्षित वाटतात पण त्यांच्यात बटणासारखी सपाट बॅटरी असते, ती गिळली तर अन्ननलिका जळायला दोन तास पण पुरतात. ज्याचं झाकण स्क्रूने बंद होतं असेच दिवे घ्या नाहीतर घेऊच नका. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीसारखे मणी पण नकोत, पोटात जाऊन तिथेच फुगतात. चमकी डोळ्यात जाते आणि बुबुळाला ओरखडे पाडते, आणि तसं काही झालं नाही तरी पुढचं अख्खं वर्ष फरशीवर सापडत राहते.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक चाचणी असते, 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती धोक्याची. वर्गात तेवढं मोजत बसायला नको, टिश्यू रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं ते छोट्यांच्या टेबलावर ठेवायचं नाही, ती नळी थोडी मोठीच असते त्यामुळे आपण जास्त सेफ बाजूला राहतो. गळ्यात दोरीने काही अडकवायचं नाही, मेडल नाही, ओळखपत्र नाही, घसरगुंडीत दोरी अडकते. मनगटाला कागदी पट्टा बांधा, ओढला की फाटतो.

रडणारं मूल, लांब बसणारं मूल

सेलिब्रेशन म्हणजे आवाज आणि काही मुलांना तो सहनच होत नाही. वर्गाच्या एका कोपऱ्यात चटई, दोन उशा, चार पुस्तकं एवढं ठेवा आणि सगळ्यांना सांगा की कोणालाही कधीही तिथे जाऊन बसता येतं. 'अरे ये ना, बघ सगळे कसे करतायत' असं ओढून आणू नका. काही मुलांना रंग हाताला लागलेला आवडत नाही, त्यांना ब्रश द्या, नाहीतर झिप पिशवीत रंग भरून वरून दाबायला द्या. जे मूल सगळा वेळ नुसतं बघत बसलं ते घरी जाऊन सगळं करून दाखवतं असं पालक कितीदा तरी सांगतात.

स्पर्धा ठेवू नका या वयात. पहिला, दुसरा, तिसरा काढला की पंचवीस मुलं त्या दिवशी हरतात, तेही आपणच हौसेने ठेवलेल्या कार्यक्रमात. आणि आईचा दिवस, बाबांचा दिवस करताना वर्गात कोणाकोणाला आई किंवा बाबा नाहीत, लांब आहेत, हे आधी नजरेखालून घाला. 'माझं घरातलं लाडकं माणूस' असं म्हटलं की आजी, काका, मोठी बहीण सगळेच त्यात येतात.

वाढदिवस

वर्गातले वाढदिवस वर्षभर येतात त्यामुळे यासाठी एक ठरलेली पद्धत पाहिजे, ज्यात कोणाच्या घरून काय आलं याची चढाओढ होणार नाही. मॉन्टेसरी वर्गांमध्ये करतात ती पद्धत मला फार आवडते. मध्ये सूर्य ठेवायचा (मेणबत्तीऐवजी पिवळ्या कागदाचा गोळा चालतो), भोवती बारा महिन्यांची कार्डं गोल मांडायची, मूल हातात पृथ्वीचा गोल घेऊन सूर्याभोवती चालतं, एक फेरी म्हणजे एक वर्ष. पाच वर्षांच्या मुलाच्या पाच फेऱ्या. प्रत्येक फेरीला घरून आलेली एक ओळ वाचायची, 'एक वर्षाची असताना चालायला लागली', 'दोन वर्षांची असताना मांजराला घाबरायची'. दहा-पंधरा मिनिटांत होतं, खर्च शून्य, आणि ते मूल त्या दिवशी खरंच सगळ्यांच्या मधोमध असतं. सुट्टीत ज्यांचे वाढदिवस येतात त्यांचे शाळा सुरू असताना एकेक करून उरकून घ्या, त्यांना वगळू नका, ती मुलं मनात ठेवतात बरं का.

पालकांना बोलवायचं असेल तर

तासाभराचा स्टेजवरचा कार्यक्रम बसवायला महिना जातो आणि त्या महिन्यात मुलं खेळत नाहीत, ती रांगेत उभी राहायला शिकतात. त्यापेक्षा शेवटचा पाऊण तास पालकांसाठी टेबलं खुली ठेवा आणि मुलांनी पालकांना शिकवायचं, कणीक कशी मळायची, ठिपक्यातून रंग कसे काढायचे. मोबाईल बाहेर टोपलीत ठेवता आले तर उत्तम, नाहीतर निदान पहिली वीस मिनिटं तरी. 'फोटो आम्ही काढतो, तुम्ही हात घाण करा' असं गोड बोलून सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. ज्या मुलाकडून कोणी येणार नाही हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्याच्यासोबत बसायला शाळेतलंच त्याच्या आवडीचं मोठं माणूस आधी ठरवून ठेवा, आयत्या वेळी शोधू नका.

चित्रं लावताना ती मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा, म्हणजे जमिनीपासून साधारण 90 ते 100 सेंटीमीटरवर, आपल्या उंचीला लावली तर ती पालकांसाठी झाली. चित्राखाली मुलाने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा, दुरुस्त न करता. 'हा पाऊस आहे आणि ही पावसाची आई' असं वाचल्यावर वाकडी रेघ कोणाला दिसते?

आवरणं

याला वेळापत्रकात वेगळी वीस मिनिटं द्या, उरलेल्या वेळात बसवू नका. ओल्या फडक्याचे तुकडे, छोटा झाडू, दोन बादल्या (एक साबणाची, एक साध्या पाण्याची), आणि कामं वाटलेली, एक गट ब्रश धुणार, एक कागदाचे कपटे वेचणार, एक टेबलं पुसणार. पाण्याचं काम असलं की मुलं यात पण रमतात, बऱ्याचदा जास्तच रमतात आणि टेबल तीन-तीनदा पुसलं जातं. ओली चित्रं दोरीवर चिमट्याने टांगा, एकावर एक रचू नका. रंगाचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये चालेल, कणकेचे गोळे आणि माती मात्र कचऱ्यात किंवा बागेत, नाहीतर पाईप तुंबतो आणि मग पुढच्या वेळी परवानगी मागायला जायची पंचाईत होते.